केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की ‘मोटिव्हेशन नाही’ म्हणून मोकळं व्हायचं का?

मेधा_कु: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘हल्लीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत मोटिव्हेशनच नाही, म्हणून एम-थ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) केट्या लागतात.’ वाचून डोकं फिरलं. त्यातलं इन्व्हर्स लाप्लासचं गणित अडतं कुठे? बहुतेकदा पार्शल फ्रॅक्शनला, म्हणजे मोठा अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडताना. तो भाग बारावीचा, तिथेच पाया कच्चा. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचली की सगळं येतंय असं वाटतं आणि हॉलमध्ये पेन थांबतं. आधी केटी लागते, इच्छा मरते ती नंतर. पुस्तक मिटून, घड्याळ लावून जुना पेपर सोडवायला लावा: ८० गुण, १८० मिनिटं, म्हणजे २० गुणांच्या प्रश्नाला ४५.

दक्षिणवारा: पटत नाही. पुस्तक मिटून बसायलाच इच्छा लागते ना? मुंबई विद्यापीठाच्या सी-स्कीमचा (२०१९चा अभ्यासक्रम) पेपर बघा: पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले तीन, पासिंग ३२ ला. तेवढ्यापुरतंच करायचं, हे पोरं ठरवूनच येतात.

लॅबवाला: इच्छा मारतं ते टर्मवर्क, म्हणजे सत्रभराच्या प्रॅक्टिकल-फाइलचे गुण. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना सोमा कोडी (ठोकळे जोडायची) सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात ते कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. इथे पैशांच्या जागी गुण, फाइल सुबक लिहिली की मिळतात. मग ग्रुपवर एक फाइल येते आणि अख्खी बॅच ती उतरवते, चुकीच्या रीडिंगसकट.

दक्षिणवारा: टर्मवर्कचे गुण काढा, लॅबकडे कुत्रं फिरकणार नाही!

लॅबवाला: काढा म्हणालं कोण? नीट वाचा. रोल नंबर गुणिले १०० ओहम असा रेझिस्टर द्या. ३७ नंबरला ३.७ किलोओहम, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, आरसी लो-पास फिल्टरचा कटऑफ (जिथून पुढच्या फ्रिक्वेन्सी दबतात) ४३० हर्ट्झच्या आसपास. दुसऱ्याचं उतरवलं की तिथेच सापडतो.

दक्षिणवारा: ३.७ दुकानात मिळतो का? नेहमीच्या मालिकेत ३.३, मग थेट ३.९. वर ५ टक्के टॉलरन्स, म्हणजे खरी किंमत तेवढी इकडेतिकडे. ३६, ३७, ३८ची रीडिंगं एकमेकांत मिसळणार.

लॅबवाला: ३.३ ला ३९० ओहम सिरीजमध्ये जोडा. मिसळण्याचं म्हणणं मान्य. म्हणून सर्किट जोडण्याआधी मल्टिमीटरने खरी किंमत मोजायची, फाइलवर लिहायची, त्यावर मास्तरांची सही.

मेधा_कु: आणि एवढे वेगवेगळे आलेख तपासणार कोण? सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) मास्तर, तासाच्या पैशांत?

दक्षिणवारा: विषय सीएचबीवर नेऊ नका. एवढं मान्य करतो की स्वतःचा आलेख जुळला की पोरगं पुढचं आपणहून करून बघतं. पण पहिल्या दिवशी लॅबमध्ये आणायला गुणच लागतात, यावरून मी हटणार नाही.

मेधा_कु: मग ते गुण सुबक फाइलला नको, सही झालेल्या रीडिंगला द्या. आणि पार्शल फ्रॅक्शनचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.