घरातली पुस्तके एकमेकांना देण्यासाठी नवी मुक्तस्रोत प्रणाली हवी का?

धागाकर्ता, जळगाव:
आमच्या गल्लीतल्या सात घरांत चांगली कपाटे भरून पुस्तके आहेत, पण कोणाकडे काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मी गेल्या महिन्यात विकत घेतलेला शब्दकोश समोरच्या काकांकडे होता, हे तो घरी आल्यावर कळले. म्हणून प्रत्येकाची यादी त्याच्याच फोनवर राहील, मागणीला होकार-नकार देता येईल आणि दिलेल्या पुस्तकाची नोंद दोघांकडे उरेल, अशी छोटी प्रणाली आम्ही लिहीत आहोत. ती मुक्तस्रोत असेल, म्हणजे तिचा स्रोत (मूळ संगणकीय लेखन) कोणालाही पाहता-बदलता येईल. परवाना एजीपीएल घेऊ, म्हणजे कोणी ती बदलून सर्व्हरवरून चालवली तरी बदललेला स्रोत वापरणाऱ्यांना खुला करावा लागेल. आक्षेप असतील तर आत्ताच सांगावेत.

प्रतिसाद, धुळे:
ग्रंथालयातच नोकरी झाली असल्याने स्पष्ट लिहितो. कोहा ही ग्रंथालयाचा कारभार चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली, २००० साली वापरात आली आणि आज अनेक देशांत चालते. ती असताना आपण पुन्हा वेगळी चूल का मांडता? शिवाय बारकोड वाचून नोंदी होतील, असे आपण गृहीत धरलेले दिसते. पुस्तकावरच्या बारकोडात असतो तो आयएसबीएन हा ओळख क्रमांक, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे. त्याआधीच्या पुस्तकांवर तो क्रमांक असणारच नाही, आणि आपल्याकडच्या घरगुती कपाटांत खरी दौलत तीच असते.

धागाकर्ता:
कोहाला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो. सात घरांसाठी हा पसारा मला झेपणारा नाही. आयएसबीएनचे मात्र मान्य. माझ्या कपाटातली अहिराणी कवितांची पातळ पुस्तके फोनने ओळखलीच नाहीत, ती हातानेच टंकावी लागली. तिथे दुसरीच अडचण निघाली. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द मी ‘ऱ’ घेऊन टंकला, काकांनी साधा ‘र’ आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधात एकाला दुसरे सापडेना, आणि युनिकोड या संगणकीय अक्षर-संकेतातले नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे वेगवेगळ्या रीतीने टंकलेले तेच अक्षर एकरूप करणे, यानेही हा भेद मिटत नाही. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची ‘नांव’, ‘घरें’ ही रूपे आहेतच. मराठी कपाटासाठी हे नियम कोणीतरी लिहायलाच हवेत.

प्रतिसाद, अमळनेर:
माझा आक्षेप वेगळा आहे. आमच्या आत्या एका वहीत नाव आणि तारीख लिहून पुस्तक देत, परत आले की ओळीवर काट मारत. काट न मारलेल्या ओळी त्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाताना वसूल करत! हे काम आपली प्रणाली कशी करणार? आणि दुर्मीळ पुस्तक कोणत्या घरात आहे, हे अनोळखी माणसाला कळले तर?

धागाकर्ता:
ज्यांना आपण स्वतः जोडून घेतले त्यांनाच यादी दिसेल. वसुलीला मात्र आत्याच लागतील, हे कबूल.

प्रतिसाद, धुळे:
कोहाचा आग्रह सोडतो, पण एक अट आहे. ग्रंथालये नोंदींसाठी मार्क हे स्वरूप वापरतात. त्यात आपली यादी बाहेर काढता आली पाहिजे, म्हणजे उद्या एखाद्या घराने संग्रह वाचनालयाला दिला तर नोंदी पुन्हा टंकाव्या लागणार नाहीत. एवढे करणार असाल, तर जुन्या शुद्धलेखनातल्या माझ्या घरच्या पुस्तकांची यादी शोध तपासायला पाठवतो.