'चालढकल', 'दिरंगाई' की 'दीर्घसूत्रीपणा'?

प्रश्न
मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'प्रोक्रॅस्टिनेशन' (करायचं असलेलं काम पुढे ढकलत राहणं) पानोपानी येतं. 'आळस' लिहिलं तर लेखाचा मुद्दाच बुडतो, 'दिरंगाई'ला सरकारी वास येतो. 'चालढकल' बरा वाटतो, पण तसं करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? 'दीर्घसूत्री' चालेल?

प्रतिसाद
'दिरंगाई' नकोच. फारसी 'दिरंग' म्हणजे उशीर, त्यावरून आलेला हा शब्द कचेरीतच रमला. बदल्या आणि विलंबाविषयीचा 2005 चा महाराष्ट्राचा कायदासुद्धा 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणूनच ओळखला जातो. एरवी कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. दिरंगाईत उशीर तेवढा दिसतो, करणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

'टाळाटाळ'ला समोर मागणारा लागतो. घरमालक डिपॉझिट द्यायला टाळाटाळ करतो. स्वतःच्याच प्रबंधाची मात्र चालढकल होते: तिसरं प्रकरण लिहायचं असतं, लिहावंसंही वाटत असतं, आणि माणूस दुपारभर संदर्भसूचीतले स्वल्पविराम सारखे करत बसतो. याला आळशी कसं म्हणणार? राबतोय बिचारा, फक्त भलत्या कामावर. 'टंगळमंगळ' याहून हलकी, आणि 'भिजत घोंगडं' हे कामाचं वर्णन, माणसाचं नव्हे.

प्रतिसाद
कोणी 'चेंगट' सुचवायच्या आत सांगतो, तोही नको. चेंगट माणूस काम सुरू करतो, संपवत नाही. इथे सुरुवातीलाच मुहूर्त लागत नाही.

प्रतिसाद
'दीर्घसूत्री'च्या बाजूने थोडं. गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक 28) तामस कर्त्याची लक्षणं आहेत. त्यात 'अलस' आणि 'दीर्घसूत्री' वेगवेगळे मोजलेत, म्हणजे तुमच्या लेखातला भेद आपल्याकडे जुनाच. दोघांच्या मधे 'विषादी' (खिन्न) बसलाय, तेही बोलकं आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. कोळी तळ्यातलं पाणी काढू लागतात. पहिला मासा आधीच निघून जातो, दुसरा ऐनवेळी युक्तीने सुटतो, 'घाई काय आहे' म्हणणारा तिसरा मरतो. त्याचं नाव दीर्घसूत्र. पण त्याच पर्वात चिरकारीही आहे. बाप रागाच्या भरात 'आईला मार' अशी आज्ञा देऊन वनात निघून जातो, आणि हा विचार करत बसतो. तेवढ्यात बापाला पश्चात्ताप होतो, परत येऊन बघतो तर आई जिवंत! उशिराचं एवढं कौतुक क्वचितच कुणी केलं असेल. तेव्हा विचारपूर्वक थांबणाऱ्यासाठी 'चिरकारी' राखून ठेवा.

प्रतिसाद
गोष्टी छान, पण आजच्या लेखात 'दीर्घसूत्री' आला की वाचक कोश उघडेल, किंवा लेख मिटेल. मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

शिवाय 'सूत्र' लांबवण्यात वेळेवर भर आहे. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं ते असं, की नकोशी भावना आत्तापुरती दूर ठेवायला माणूस काम पुढे सारतो, आणि किंमत उद्याच्या स्वतःला मोजायला लावतो. 'ढकल'मध्ये हे आपसूक येतं: नकोसं आहे म्हणून पुढे ढकललं.

उपायांच्या भागात एक मराठी सोय वापरता येईल. आपल्या चालढकलीचं व्याकरण ठरलेलं असतं: 'जरा निवांत झालं की लिहीन', 'सण उरकले की बघू'. या 'की'च्या आधी असतं ते कधी घडेल याचा भरवसा नाही. मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांचा जर-तर बेत ('अमुक घडलं की तमुक करीन' असं आधीच ठरवणं) म्हणजे तिथे हमखास घडणारी गोष्ट बसवणं: 'सकाळी चहाचा कप विसळला की तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडीन.' निवांतपणाचं सांगता येत नाही, कप रोज विसळावा लागतो. आणि पलीकडे 'प्रकरण संपवीन' नको, 'फाइल उघडीन' एवढंच.

मूळ प्रश्नकर्ती
आभार. सगळीकडे 'चालढकल' करते, सरकारी खात्याच्या एका उदाहरणात 'दिरंगाई'. कर्त्यासाठी 'चालढकल्या' म्हणून पाहिलं, फारच चेष्टेचं वाटलं. 'चालढकल करणारे' असंच लिहीन, लांब झालं तरी. 'की'चा मुद्दा तळटीपेत घेऊ का?

प्रतिसाद
घ्या की.