डोळे मिटले की बाबांचा तोल जातो, पायांचा आणि डोळ्यांचा काय संबंध?

पाऊलवाट :
नमस्कार मंडळी, जरा काळजीत आहे म्हणून विचारतेय. बाबा ६९ चे, रोज तासभर चालतात, तीन मजले चढतात, पायात ताकद चांगली आहे. पण गेले तीन-चार महिने बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झुकतात आणि पटकन बेसिन धरतात. देवापुढे हात जोडून उभे राहिले तरी तेच, आईला आधी वाटायचं तल्लीन होऊन डुलतायत. परवा रात्री लाईट गेली तर पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून तिथेच उभे. गरगरत नाही म्हणतात. शुगर आहे १२ वर्षं, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि घरी आम्ही पूर्ण शाकाहारी. सगळे म्हणतात वय झालं, पायाचे व्यायाम करा. पण उभं तर पायाच्या स्नायूंवर राहतो ना आपण, मग डोळे मिटल्याने पायांना काय होतं?

फिजिओताई :
ताई व्यायाम नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा, शक्यतो न्यूरोलॉजिस्टना. कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून ताकदीपेक्षा पायाकडून वर जाणाऱ्या बातमीचा प्रश्न वाटतो.

आपण उभे असतो तेव्हा खरं तर स्थिर नसतोच. वजन घोट्याच्या किंचित पुढे पडतं, म्हणजे आपण सारखे पुढे कलत असतो आणि पोटरीतला सोलिअस स्नायू मागे ओढून धरत असतो, अनवाणी उभं राहून तळव्याकडे लक्ष दिलंत तर भार टाचेकडून चवड्याकडे आणि परत असा सरकताना जाणवेल. आता किती ओढायचं हे ठरवायला कुठे किती कललोय ते कळायला हवं, आणि ते तीन ठिकाणांहून कळतं, डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायाचे स्नायू-सांधे-तळवे. सपाट जमिनीवर सगळ्यात जास्त भरवसा पायांवर असतो. बाबांच्या पायाची बातमी पुसट झाली असेल तर डोळे ती उणीव भरून काढतात, कोणाला पत्ताही लागत नाही, आणि साबण लावला की तो आधारही जातो. बर्लिनच्या रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९व्या शतकातच हे लिहून ठेवलंय, पाय जुळवून डोळे मिटून उभं करायची तपासणी आजही त्यांच्याच नावाने होते.

जुन्या शुगरने नसा खराब होतात. बी१२ कमी असेल तरी अगदी हेच होतं, शाकाहारी लोकांत ते कमी असतं आणि मेटफॉर्मिननेही कमी होऊ शकतं, म्हणून बी१२ नक्की तपासा. गोळी मात्र मनाने बंद करू नका!! आणि घरी एकट्याने डोळे मिटून उभं करून बघू नका.

जीवशास्त्रवाले_सर :
फिजिओताईंनी बरोबर लिहिलंय, थोडी भर घालतो. बातमी आल्यावर सावरणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं बातमी यायच्या आधीच होतं. १९६७ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी उभ्या माणसाला हात पुढे उचलायला सांगून स्नायूंची नोंद घेतली, तर खांद्याच्या आधी मांडीच्या मागचा स्नायू जागा झालेला! हात पुढे गेला की अंग पुढे ओढलं जाणार हे मज्जासंस्थेला माहीत असतं, ती आधीच बंदोबस्त करते. तरुण मंडळींनी करून बघा, उजवा खांदा आणि उजवं पाऊल भिंतीला चिकटवा आणि डावा पाय उचला. जमत नाही, कारण पाय उचलायच्या आधी अंग उजवीकडे सरकायला हवं आणि तिथे भिंत आहे.

आणि एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आधी पोटरी, मग मांडीचा मागचा भाग, मग पाठ असे स्नायू खालून वर आवळतात, पहिला साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात. आपण सावरलो हे आपल्यालाच मागाहून कळतं. म्हणून नुसते स्नायू कमावून भागत नाही, कोणी कधी आवळायचं हा क्रम नसा, मेंदूचा देठ आणि छोटा मेंदू मिळून सांभाळतात.

पाऊलवाट :
खूप आभार दोघांचे. भिंतीला नुसता हात लावला तरी बाबा स्थिर कसे होतात मग? भार तर टाकत नाहीत.

फिजिओताई :
तेच तर! बोट नुसतं टेकवलं, १०० ग्रॅमपेक्षा कमी दाबाने, तरी डुलणं कमी होतं. आधार नाही मिळत, बातमी मिळते, पायाऐवजी बोटाकडून. काठीही याच कामाला येते, बाबा नको म्हणत असतील तर हे सांगा त्यांना. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा, अंघोळ बसून.

पाऊलवाट :
काल दाखवून आलो. डॉक्टरांनी कंप पावणारा तो दोन टोकांचा धातूचा काटा पायाच्या अंगठ्याला लावला, बाबांना काही कळलं नाही, घोट्यालाही नाही, गुडघ्याला लावल्यावर म्हणाले हां आता कळतंय. एवढे दिवस पाय बधिर होत होते आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटलं. बी१२ चा रिपोर्ट उद्या येईल, इथेच लिहीन. आज पूजेच्या वेळी एक बोट देव्हाऱ्याच्या कडेला टेकवून उभे होते, डुलले नाहीत.