विषय: शनिवारची सफारी पार्क सहल – गावाहून येणाऱ्यांचं काय करायचं?

सहल समिती:
मंडळी, पडद्यामागच्या, म्हणजे ट्रकमधून प्राण्यांजवळ नेणाऱ्या फेरीच्या यादीत काल दोन नावं वाढली. दोघेही भारतातून, सांगलीकडून बुधवारी इथे कॅलिफोर्नियात पोचतील. घरी म्हशी आहेत, बेंदूर नुकताच झालाय. लाळ्या खुरकूत हा गुरांचा विषाणूजन्य रोग बुटा-कपड्यांवरून इथे येऊ नये म्हणून, परदेशात गुरांजवळ राहून आल्यास पाच दिवस इथल्या पाळीव आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांपासून लांब राहावं, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. बुधवार ते शनिवार तीनच दिवस होतात. ट्रकच्या जागांचे पैसे भरून झालेत, तेव्हा मत आजच कळवा.

दादा:
गेंडे बघायला चाललोय ना? गेंडा विषम खुरांचा, घोड्याचा लांबचा नातलग. त्याला लाळ्या खुरकूत होत नाही. शिवाय त्या म्हशींना वर्षातून दोनदा लस टोचलेली असते. नावं ठेवा.

अण्णा:
दादा, गेंड्याचं बरोबर. पण सॅन पास्क्वालच्या, म्हणजे आपल्या पार्कच्या, मोकळ्या आवारात भारतीय गेंडे हरणांबरोबरच चरतात आणि जिराफांना पाला भरवायला जातो तोही हाच ट्रक. दुभंगलेल्या खुराचा प्रत्येक प्राणी या रोगाच्या तावडीत येतो. लसीचं म्हणाल, तर लस टोचलेलं जनावर आजारी दिसत नाही, पण विषाणू त्याच्या घशात महिनोन्‌महिने राहू शकतो. अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर आलेला नाही. त्याआधी १९२४ मध्ये तो कॅलिफोर्नियात जंगलातल्या हरणांत शिरला, तेव्हा २२,००० हून अधिक हरणं मारावी लागली. त्यामुळे पार्कवाल्यांना याची धास्ती वाटणारच.

ताई:
बूट नवे घेतले की झालं ना? कोल्हापुरी तरी घालून कोणी जाणार नाही.

माई:
ताई, नुसते बूट नव्हेत. माणसाला हा रोग सहसा होत नाही, पण नाकात-घशात विषाणू दिवसभर टिकल्याचं प्रयोगांत आढळलंय. नव्या बुटांनी तो जात नाही, म्हणून दिवस मोजायचे. बाकी काम असं: गोठ्यात घातलेल्या बुटांच्या तळव्यांच्या खाचांतला चिखल आधी काडीने काढायचा, मग साबण आणि ब्रश. चिखल-शेण राहिलं, तर विषाणू मारणारं औषध त्यातच खर्च होतं आणि आत पोचत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते. त्यानंतर धुण्याचा सोडा, एका लिटरला ४० ग्रॅम. बूट त्यात दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचे. चामड्याची कोल्हापुरी पाणी पिते, तिच्या शिवणीत औषध नीट पोचत नाही. ती तिकडेच ठेवून यावी. कपडे गरम पाण्यात धुवायचे आणि घड्याळाचा पट्टा पुसून घ्यायचा.

खजिनदार:
धुण्याचा सोडा नसेल तर खाण्याचा चालेल का? घरी आहेच.

माई:
नाही. खाण्याचा सोडा फार सौम्य, त्याने हा विषाणू मरत नाही. त्यापेक्षा पांढरं व्हिनेगर पाणी न घालता वापरा. विषाणूला आम्लही सोसत नाही, तीव्र क्षारही नाही. पण दोन्ही एकत्र ओतू नका, एकमेकांचा असर घालवतात. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये मुळीच नको, क्लोरीन वायू निघतो.

दादा:
प्रवासाचा दिवस धरला तर चार भरतात.

अण्णा:
विमानात तेच बूट आणि तीच पिशवी असते. मोजणी उतरल्यापासूनच. विमानतळावरच्या फॉर्ममध्ये शेतावर गेला होता का, असा प्रश्न असतो. त्यावर ‘हो’ लिहायला सांगा. बूट मळके असतील तर तपासणारे तिथेच साफ करून देतात.

खजिनदार:
मग त्यांना शनिवारी ट्रकऐवजी आफ्रिका ट्रामने फिरवू. ती कुंपणाबाहेरून जाते.

अण्णा:
नको. सबंध पार्क खुरांच्या प्राण्यांनी भरलेलं आहे. शनिवारी आत नकोच. पुढच्या महिन्याच्या तुकडीतल्या दोघांशी जागा बदला, पैसेही बुडणार नाहीत.

सहल समिती:
बदलायला कोण तयार आहे, त्यांनी गुरुवारपर्यंत नाव द्यावं. पार्कला आज फोन करते. ते पाचापेक्षा जास्त दिवस म्हणाले, तर तेच धरू.