मदत हवी आहे: मॉडेल इंजिनाचा स्पीड कंट्रोलर जळतो, आणि जळाला की इंजिन थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

मी दर्यापूर तालुक्यातला. मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मोटर हाताखालची आहे. इलेक्ट्रॉनिक्स मात्र दोन वर्षांपासून शिकतोय, तेव्हा समजुतीत चूक असेल तर सरळ सांगा.

आमच्या भागातून शकुंतला ही छोट्या रुळांवरची रेल्वे धावायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, ते मी लहानपणी पाहिलंय. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. सहाने भागलं की नेमके १२७ येतात, म्हणजे पाच इंच. म्हणून १:६ प्रमाणात इंजिन बांधलं. बॉयलर पत्र्याचा, आत वाफ नाही. फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट ८ अ‍ॅम्पियर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि ई-सायकलची २४ व्होल्ट २५० वॅटची ब्रशवाली मोटर, चेनने मागच्या अ‍ॅक्सलवर. अंगणात २५ बाय ६ ची पट्टी उभी लावून रूळ केलाय. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल घेऊन मागच्या डब्यात बसतील, एवढंच डोक्यात आहे.

कंट्रोलर असा: थ्रॉटलला (वेग कमी-जास्त करायला) १० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्राम करायच्या बोर्डावर पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारा सिग्नल), पिनपासून गेटला १ किलोओहम, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम, मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर; गेट ही त्याची हुकमाची पिन, करंट ड्रेन ते सोर्स वाहतो) आयआरएफझेड ४४ एन, मोटरवर उलटा डायोड वन एन ४००७. बॅटरीची तार दीड मीटर, त्यात २० अ‍ॅम्पियरचा फ्यूज.

आतापर्यंत तीन मॉस्फेट गेले. पहिला मे महिन्यात, तेव्हा वाटलं उन्हानं गेला. दुसऱ्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली, तोही गेला. तिसऱ्या वेळी डब्यात माझा सात वर्षांचा भाचा बसला होता. थ्रॉटल निम्म्यावर असताना इंजिनाने एकदम पूर्ण वेग घेतला. पॉट शून्यावर आणला तरी फरक नाही. वळणावर डबा रुळावरून उतरला आणि पोराचा गुडघा सोलला. मी धावत जाऊन बॅटरीची तार उपटली तेव्हा चाकं थांबली. मॉस्फेट तपासला तर ड्रेन-सोर्स सरळ शॉर्ट. फ्यूज शाबूत.

तेव्हापासून डब्यात कोणालाही बसवलं नाही.

मोजमापं देतो. पूर्ण थ्रॉटलला १० अ‍ॅम्पियर जात असताना ड्रेन-सोर्समध्ये ०.८ व्होल्ट पडतो. चाकं जाम करून, हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मोटरचा रेझिस्टन्स काढला: ४ अ‍ॅम्पियरला १.६ व्होल्ट, म्हणजे ०.४ ओहम.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मॉस्फेट का जातोय? आणि त्याहून मोठी: तो पुन्हा गेलाच, तर इंजिन थांबेल असं काय करू?

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, पहिले गेट पाहा. तुमचा १ के आणि १० के मिळून डिव्हायडर झालाय, म्हणजे व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. ५ व्होल्टचे गेटवर साडेचारच पोचतात. ४४ एन ची साडेसतरा मिलिओहमची रेटिंग गेटला १० व्होल्ट दिल्यावरची आहे. तुमच्या रीडिंगवरून तो ८० मिलिओहमवर बसलाय, म्हणजे १० अ‍ॅम्पियरला ८ वॅट उष्णता. हीटसिंकशिवाय (उष्णता ओढणाऱ्या धातूशिवाय) टीओ-२२० डबीला, म्हणजे या मॉस्फेटच्या आकाराला, वॅटमागे साधारण ६२ अंश चढतात. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात १७५ ची मर्यादा दोन वॅटलाच गाठली जाते. पट्टीने थोडं सावरलं असेल, पण पुरणार नाही.

दुसरं, डायोड. अर्ध्या थ्रॉटलला मॉस्फेट बंद असतो तेव्हाही मोटरचा करंट वाहतच असतो, आणि तो डायोडमधून फिरतो. तिथं तुम्ही १ अ‍ॅम्पियरचा, मंद डायोड लावलाय. तो आधी उघडा पडला असेल (आतून तुटून करंट जाणं बंद), मग प्रत्येक बंद होण्याला मोटरचा झटका थेट मॉस्फेटवर. जुने डायोड मीटरवर लावून पाहा. तिथं एमबीआर २०१०० शॉटकी (जास्त करंटचा, वेगवान डायोड) लावा. बॅटरीच्या लांब तारेचाही झटका असतो, म्हणून बोर्डाला चिकटून १००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कपॅसिटर.

सुरुवातीचा करंटही बघा: २४ भागिले ०.४ म्हणजे ६० अ‍ॅम्पियर. थ्रॉटल एकदम फिरवला तरी पीडब्ल्यूएम हळूहळू चढेल असं प्रोग्राममध्ये घाला. मॉस्फेट १०० व्होल्टचा घ्या, आयआरएफबी ४११०, आणि गेटला १२ व्होल्टवर चालणारा टीसी ४४२७ ड्रायव्हर (गेटला पुरेसे व्होल्ट देणारी चिप).

प्रतिसाद, अमरावतीहून

दादा, फ्यूज उडणार नाहीच. मॉस्फेट शॉर्ट झाला तेव्हा इंजिन धावत होतं, करंट नेहमीच्या पूर्ण वेगाइतकाच गेला. फ्यूज तारेला आग लागू नये म्हणून असतो, पोराला वाचवायला नाही.

ट्रकचा २४ व्होल्टचा ४० अ‍ॅम्पियर रिले (कॉइलला करंट मिळेपर्यंतच जोडलेला राहणारा स्विच) मोटरच्या तारेत टाका. घरगुती एसीचा रिले नको, डीसीच्या ठिणगीने त्याचे पॉइंट चिकटतात. त्याच्या कॉइलला दाबून धरायचं बटण सिरीजमध्ये, अर्डुइनोला मधे न घेता. बटण सोडलं की मोटरचा करंट तुटला, प्रोग्राम काही म्हणो. शॉटकी दोन लावा: एक बोर्डावर, एक मोटरच्या टर्मिनलवर, म्हणजे रिले उघडताना ठिणगी कमी. तुमचा वन एन ४००७ रिलेच्या कॉइलवर लावा, तिथं तो योग्य आहे.

धागाकर्त्याचं उत्तर, पाच दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. जुने तिन्ही डायोड तपासले. दोन पूर्ण उघडे, एक शॉर्ट. मी प्रत्येक वेळी मॉस्फेट बदलत होतो आणि डायोडला हात लावत नव्हतो.

रिले बसवला. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उचलून, चाकं अधांतरी ठेवून, ड्रेन आणि सोर्स जाड तारेने मुद्दाम जोडले. मोटर पूर्ण वेगात फिरली. बटण सोडलं, रिले टक्कन पडला, मोटर थांबली. वीस वेळा केलं, वीसही वेळा थांबली.

एक गोष्ट मात्र तुम्हा दोघांच्या लिहिण्यात नव्हती. बटण भाचीच्या हातात देऊन, तिला नुसतं ठोकळ्यांवरच्या इंजिनाशेजारी बसवून, मी मागून पत्र्यावर जोरात थाप मारली. तिनं दचकून मूठ आवळली. बटण सुटलं नाही, उलट घट्ट दाबलं गेलं. म्हणून आता बटण डब्यात नाही. तीन मीटर तारेने ते बाजूनं चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात राहील. तार तुटली किंवा ओढून निघाली तरी कॉइलचा करंट तुटतो, म्हणजे गाडी थांबते.

४११० आणि ड्रायव्हर नागपूरहून यायचे आहेत. तोवर प्रोग्राममध्ये वेगाचा चढ घालतोय, आणि सुरू करताना पॉट शून्यावर नसेल तर मोटर सुरूच होऊ नये ही अटही. पॉटची मधली तार तुटली तर इनपुट शून्यावर राहावा म्हणून त्या पिनला ग्राउंडकडे १०० किलोओहम लावलाय. भाग आले की रिकाम्या डब्यात पोत्यात ४० किलो माती घालून चालवीन आणि रीडिंग इथं टाकीन.