जीएमला (जनुकं बदललेल्या गोष्टींना) विरोध करायचा आणि रोज तेच इन्सुलिन टोचायचं, हे कसं जमतं?

सातारकर:
परवा काका बीटी वांग्यावर (अळी लागू नये म्हणून जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं) तावातावाने बोलत होते, जनुकं बदललेलं काही अंगात जाताच कामा नये वगैरे, आणि मधेच उठून जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन आले. म्हटलं काका, हे पण जनुक बदललेल्या जिवाणूनेच बनवलंय. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीवाल्यांनी ई कोलाय या जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं, १९८२ ला अमेरिकेत परवानगी मिळाली, त्याआधी डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. ज्याला हे चालतं त्याने जीएमला सरसकट नावं ठेवू नयेत, माझं स्पष्ट मत.

रानपाखरू:
अजिबात पटलं नाही. तो जिवाणू बंद टाकीत वाढतो, बाटलीत येतं ते गाळून शुद्ध केलेलं प्रोटीन. बियाणं उघड्या रानात जातं, ते परत कसं बोलावणार? आमचा यवतमाळकडे कापूस आहे, २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडं आतून पोखरली ते डोळ्यांनी बघितलंय. काकांचं बोलणं कच्चं असेल पण भीती खोटी नाही.

माईंचा_लेक:
मला तर जुनंच बरं वाटायचं. आईचं जनावराचं इन्सुलिन बदलून हे नवीन दिलं आणि हायपो (शुगर फार खाली जाणं) व्हायच्या आधी घाम सुटायचा, हात थरथरायचे ते बंदच झालं, एकदा ओट्यापाशी पडली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले तसं काही नसतं. घरच्यांनी बघितलेलं कोणी मोजतच नाही.

लॅबवाला:
माईंचा_लेक, तुमच्यासारख्या तक्रारी तेव्हा ब्रिटनमध्येही खूप आल्या होत्या, म्हणून तर दोन्ही इन्सुलिन समोरासमोर ठेवून चाचण्या झाल्या, त्यात असा फरक काही सिद्ध झाला नाही. डायबेटिस जुना झाला की या खुणा आपोआपही बोथट होतात. आणि जुन्याचं कौतुक करताना हेही बघा, ५१ अमिनो आम्लांपैकी डुकराच्यात १ वेगळं, गाईच्यात ३, त्यात तेव्हाचं शुद्धीकरण कमी, टोचायच्या जागी चरबी झडून खड्डे पडायचे लोकांना.

माईंचा_लेक:
खड्डे आईलाही होते, खरंय. पण पडली ती नंतरच.

कोकणी_बाणा:
भांडायचंच तर किमतीवर भांडा की. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि दोघा साथीदारांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट एकेका डॉलरला टोरंटो विद्यापीठाला देऊन टाकलं. आज साध्या ह्युमन इन्सुलिनवर भागणाऱ्या पेशंटलाही महागडं पेन लिहून देतात, घरात कमावणारा एक आणि इंजेक्शनवाले दोन, त्यांनी काय करायचं? हे जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बनायला लागलं, आपल्याकडे वोखार्ट कंपनीने २००३ ला, बायोकॉनने २००४ ला आणलं, म्हणून निदान साधी बाटली तरी परवडते. कत्तलखान्यातल्या ग्रंथींवर एवढ्या सगळ्यांचं कसं भागलं असतं?

सातारकर:
रानपाखरू, टाकी आणि रान यातला फरक मान्य, "सरसकट" हा शब्द मागे घेतो. पण मग काकांनीही जनुकाचं नाव न घेता बियाण्याचं काय ते बोलावं, कारण त्यांचं ऐकून शेजारच्या आजींनी इन्सुलिन सुरू करायलाच नकार दिलाय आणि शुगर चारशेच्या वर आहे.