‘संवेदनशील’ पोस्ट म्हणावं का? इशारा, पूर्वकल्पना, धूसर

प्रश्न:
मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर आमचा मराठीत लिहिणाऱ्यांचा लहानसा गट आहे. त्याची नियमावली लिहायला घेतली आहे. तिथे ‘सीडब्ल्यू’ची (कंटेंट वॉर्निंग) सोय वापरली की पोस्टच्या वर एक ओळ लिहिता येते आणि खालचा मजकूर वाचणाऱ्याने उघडेपर्यंत झाकलेला राहतो. फोटोही तसाच धुरकट करता येतो. मी ‘संवेदनशील मजकुराचा इशारा’ असं लिहिलंय, पण वाचताना खटकतंय. दुसरं काय सुचवाल?

उत्तर १:
खटकणारच. संवेदनशील आपण माणसाला म्हणतो: संवेदनशील कवयित्री, संवेदनशील मनाचा मुलगा. निवडणुकीत जादा बंदोबस्त लागतो ती ‘संवेदनशील मतदान केंद्रं’, हा दुसरा, सरकारी अर्थ. अपघाताचा फोटो या दोन्हींत बसत नाही. संवेदनशील असतो तो बघणारा. वृत्तवाहिन्यांचं ‘ही दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात’ हे वाक्य त्यापेक्षा बरं, कारण परिणाम कुणावर होणार ते त्यात आहे.

‘इशारा’ही नको. इशारा मुसळधार पावसाचा असतो, नाहीतर बेमुदत उपोषणाचा. पोस्ट लिहिणारा ना संकट सांगत असतो, ना दम देत असतो. तो पूर्वकल्पना देतो. ‘पाणी बंद ठेवणार होतात तर पूर्वकल्पना द्यायची’ असं आपण रोज म्हणतो. तोच शब्द घ्या.

उत्तर २:
‘पूर्वकल्पना’ला माझं मत, आणखी एका कारणाने. मॅस्टोडॉनच्या प्रणालीत त्या वरच्या ओळीचं तांत्रिक नाव ‘स्पॉइलर टेक्स्ट’ आहे. म्हणजे मालिकेचा शेवट आणि आत्महत्येचा उल्लेख, दोन्ही एकाच रकान्यातून झाकले जातात. पहिल्यासाठी आपल्याकडे ‘रसभंग’ हा नेमका शब्द आहे, पण तो मृत्यूच्या बातमीवर लावता येणार नाही. पूर्वकल्पना दोन्हीकडे चालते.

मात्र शब्द निवडून काम संपत नाही. त्या ओळीत काय लिहायचं हे नियमात असायलाच हवं. नुसतं ‘सावधान’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये फोटोंवर असा मोघम पडदा आणला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांनी पडदा बाजूला करून फोटो बघण्याकडेच कल दाखवला. मानसिक त्रास असलेले लोकही जास्त टाळताना दिसले नाहीत. अशा सूचनांनी त्रास कमी होतो, असं त्यांनी पुढे घेतलेल्या एकत्रित आढाव्यातही आढळलं नाही. म्हणून ‘वाचकाच्या संरक्षणासाठी’ असं लिहू नका, तेवढं आश्वासन देता येत नाही. वाचायचं की नाही, आणि आत्ता की नंतर, हे त्याला ठरवता यावं, एवढंच म्हणा. आणि नेमकं लिहा: ‘आत्महत्येचा उल्लेख’, ‘गर्भपाताचा अनुभव’, ‘दंगलीचं वर्णन, फोटो नाहीत’.

प्रश्नकर्ती:
जातीय अत्याचाराबद्दलच्या पोस्टवर सक्ती करावी का?

उत्तर २:
बातमीतल्या मृतदेहाच्या फोटोवर करा. स्वतःवर गुदरलेलं सांगणाऱ्यावर मुळीच करू नका. २०२२ च्या अखेरीस ट्विटर सोडून बरेच लोक मॅस्टोडॉनवर आले, तेव्हा वर्णद्वेषाचे अनुभव लिहिणाऱ्या कृष्णवर्णीयांना ‘हे सीडब्ल्यूखाली टाका’ असं सांगितलं गेलं. त्यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. जे ऐकायला कुणी तयार नसतं तेच पुन्हा झाकायला लावणं हा अन्याय आहे. आपल्या गटात दलित लेखकाला कुणी असं सांगू नये, हे नियमात स्पष्ट शब्दांत यायला हवं.

उत्तर १:
फोटोबद्दल राहिलं. ‘धूसर’ आणि ‘झाकलेला’ यांत फरक करा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. तिथे चेहरा धूसर करतात तो फोटोतल्या व्यक्तीसाठी, आणि तो कायम तसाच राहायला हवा. मॅस्टोडॉनवर फोटोवर येणारा रंगांचा पुसट पडदा बघणाऱ्यासाठी असतो आणि एका टिचकीत जातो. दोन्हींना ‘धूसर’ म्हटलं तर एखादा जण पीडितेचा मूळ फोटो टाकून ‘मी धूसर केला होता’ म्हणेल. पहिल्याला ‘चेहरा धूसर करणे’, दुसऱ्याला ‘फोटो झाकणे’ म्हणा.

प्रश्नकर्ती:
मग असं लिहिते: ‘क्लेशदायक मजकुराची नेमकी पूर्वकल्पना द्या. फोटो झाकून टाका. पीडितेचा फोटो झाकूनही टाकू नका. स्वतःचा अनुभव लिहिणाऱ्याला झाकायला सांगू नका.’

उत्तर १:
छान. दुसऱ्या वाक्यात ‘असे फोटो’ करा, नाहीतर लोक जेवणाच्या ताटाचेही झाकतील.